स्वच्छ आवाजाची तक्रार

७ जानेवारी

साडूभाऊ,

पेटी उघडण्याआधी माझ्या हातांनी आजवर काय काय घडलं ते वाचा, म्हणजे आतल्या वस्तूला हात धुऊन हात लावाल. शाळांची बाकं, मोजदाद सोडून दिली इतकी. दारं, खिडक्या, एक गोल जिना. आमच्या मुलीचा पाळणा, जो पुढे तुमच्या दोन्ही चिरंजीवांनी लाथा मारून मारून झिजवला. सासरेबुवांची आरामखुर्ची, जिच्यात रेलून ते मला आयुष्यभर ‘नुसता सुतार’ म्हणत आले आणि तुम्हाला ‘आमचे कलावंत जावई’. लाकूड वाकवायची गरम नळी, कारण विकतची मला पसंत पडली नाही. पाच रंधे, त्यातला सगळ्यात धाकटा माझ्या अंगठ्याएवढा. आणि अकरा गिटारी. त्यातल्या पहिल्या तीन मीच मोडल्या, कारण त्या वाजत होत्या, बोलत नव्हत्या.

पेटीत आहे ती बारावी.

पाठ आणि कडा सायप्रस नावाच्या हलक्या लाकडाच्या. वजन उचलून बघा, रिकामी पेटी आल्यासारखं वाटेल. तोंडावरची फळी स्प्रूस लाकडाची, मधोमध दोन मिलिमीटर, कडेला त्याहून बारीक. लाकडाला लाकूड सरसाने चिकटवलंय, मीच शिजवलेल्या. तारांखाली चिकटवलेली पारदर्शक पट्टी शोभेची नाही, स्पेनच्या फ्लॅमेन्को संगीतात वाजवता वाजवता बोटांनी लाकडावर ठोकतात, त्यासाठी आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचं, त्यांची उंची ठरवणारं हाड मी दोन दिवस घासलं. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ऐकाल तेव्हा कळेल.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. रेकॉर्डी ऐकल्या, मोडक्या गिटारी उघडल्या, चुकलो, पुन्हा केलं. तुम्ही संगीताच्या शाळेत सहा वर्षं फी भरून बसलात. मी फी लाकडात भरली.

तुमची मंडळी जॅझमध्ये स्पॅनिश लोकगीतं आणि फ्लॅमेन्को मिसळणार, आणि त्या रेकॉर्डच्या कव्हरावर वाद्य घडवणाऱ्याचं नाव छापायला तुमच्या पियानोवाल्या बाई तयार आहेत, असं तुम्ही लिहिलंत. अक्षर केवढं असेल ते विचारून ठेवा. माझ्या अकराही गिटारी शिकाऊंच्या खोल्यांतच वाजल्या. रेकॉर्डवर एकही नाही. या गल्लीत मी अजून दरवाजेवालाच आहे. ही बारावी वाजली, तर तो शब्द मी कानाआड करायला मोकळा.

फोन करू नका. फोनवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला ‘हो हो’ म्हणता. पत्रात ती सोय नाही.

तुमचा,
थोरला साडू

१९ जानेवारी

साडूभाऊंना नमस्कार.

पेटी सुखरूप पोहोचली. तुम्ही खिळे इतके ठोकले होते की आत गिटार आहे की कैदी, असं तुमच्या धाकट्या मेहुणीने विचारलं. उघडली आणि खरं सांगतो, काय रूप आहे! मानेला हात लावला आणि वाटलं, ही माझ्या तळव्याचं माप घेऊनच केलीय.

तालीम जोरात चालू आहे. एक खेचरवाल्यांचं जुनं लोकगीत घेतलंय, चढावर चालताना म्हणायचं. मी ते एकट्याने सुरू करतो. मग टाळ्या येतात, फ्लॅमेन्कोच्या बारा मात्रांच्या. तीन, तीन, दोन, दोन, दोन. त्याच बारा मात्रांत आमचा बेसवाला जॅझची चाल चालतो. चार पावलं, प्रत्येक पाऊल तीन मात्रांचं. गंमत अशी की पहिली तीन पावलं टाळ्यांच्या बरोबर पडतात, मग वाटा फुटतात, सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि पुढच्या समेला दोघं एकाच दारात उभे! पहिल्यांदा जमलं तेव्हा ड्रमवाला काठ्या खाली ठेवून हसत सुटला.

गिटारचा आवाज सगळ्यांना आवडला. अगदी स्वच्छ. घंटेसारखा, निर्मळ, लांबवर टिकणारा. रेकॉर्डिंग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात.

थोरल्या बाईंना नमस्कार सांगा. धाकटी म्हणते, लोणी लावून पत्र लिहिलंय असं भावोजींना वाटेल. तसं काही नाही.

तुमचा,
धाकटा साडू

२४ जानेवारी

साडूभाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खेचरवाले ठीक, बारा मात्रा ठीक, बेसवाल्याची चार पावलं तर मी पाटावर खडूने मांडून बघितली आणि खूश झालो. गणित बरोबर आहे.

पण ‘स्वच्छ’ हा शब्द कुठून आला?

माझ्या गिटारचा आवाज स्वच्छ नाही. मी तो स्वच्छ ठेवलेला नाही. ‘लांबवर टिकणारा’ तर मुळीच नाही. ती गिटार ठिणगीसारखी आहे, पडली की विझली पाहिजे, म्हणजे पुढच्या ठिणगीला जागा होते. आणि तार सुटताना मानेवरच्या पडद्यांना जरा घासून जाते, त्यातून एक खरखर निघते. तंबोऱ्याला जवारी असते ना, तिचीच ही रांगडी चुलत बहीण समजा. त्या गाण्यातली माणसं घसा खरवडून गातात. त्यांच्या शेजारी घंटा वाजवून काय करायचंय? देवळात आलोय का आपण?

ही खरखर मला मिळायला अकरा गिटारी गेल्या. सातवीत आली होती, पण एकाच तारेवर. नववीत सगळ्या तारांवर आली आणि दोन महिन्यांत लाकूड फिरल्यावर निघून गेली. बारावीत ती बसली. ती तुमच्या गावाला पोहोचल्यावर एकाएकी साध्वी कशी झाली?

एक काम करा. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली साधी पोस्टकार्डं सरकवा, एकावर एक. किती मावतात ते कळवा. माझ्याकडून निघाली तेव्हा आठ मावत होती आणि नववं अडत होतं. दुसरं काही लिहू नका. फक्त पोस्टकार्डं.

थोरला साडू

३० जानेवारी

भावोजी,

हे पत्र मी लिहितेय, तुमची मेहुणी. आमच्या घरात तुमच्या पोस्टकार्डांनी धुमाकूळ घातलाय. हे चार दिवस कार्डं हातात घेऊन फिरतायत आणि तारेखाली मात्र घालत नाहीयेत. जे कळणार आहे ते यांना आधीच ठाऊक आहे. मग मीच घातली. चौदा मावतात.

आता ऐका, आणि रागावण्याआधी पाणी प्या. गिटार आली त्याच आठवड्यात तालमीत पियानोवाल्या बाई म्हणाल्या, ‘हे काय कडकडतंय? खिडकीचं तावदान सैल आहे का?’ सगळ्यांनी उठून खिडक्या बघितल्या. खिडक्या ठणठणीत. मग सगळ्यांनी गिटारकडे बघितलं. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी हे चौकातल्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेले आणि घोडीवरचं तुमचं हाड काढून दुसरं, उंच हाड बसवून आले. तुमचं हाड आहे, हरवलेलं नाही.

ते तुम्हाला सांगायला घाबरतात. तुमच्या नाकावर माशी बसली तरी तुम्ही तिचे पंख मोजता, हे सगळ्या घराला माहीत आहे. आमची मुलं तुम्हाला मागून काय म्हणतात सांगू? ‘मिलिमीटर काका.’

आणखी एक. बाईंचं म्हणणं असं की हाड उंच केल्यापासून खरखर गेली, पण गिटारचा जीवही गेला. आता ती कुठल्याही गिटारीसारखी वाजते. तेव्हा ह्यांनी आपली नेहमीची इलेक्ट्रिक गिटारच घ्यावी, उगाच नवीन सोंग नको. फेब्रुवारीच्या मध्याला ठरवणार आहेत. म्हणजे तुमची बारावी गेली कपाटावर आणि कव्हरावरचं नाव गेलं वाऱ्यावर.

मी सांगितलं असं म्हणू नका. म्हटलंत तरी चालेल म्हणा, त्यांना कळेलच.

तुमची मेहुणी

२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

चौदा पोस्टकार्डं! चौदा कार्डांत तर मांजर बसेल.

तुम्ही माणसाच्या जिभेखाली पाचर लावलीत आणि म्हणता, बघा किती स्वच्छ बोलतो. मी दाराची बिजागरी बसवली आणि गिऱ्हाइकाने न सांगता ती उलटी केली, तरी मला इतका राग येत नाही. गिटार परत पाठवा. ज्या खिळ्यांनी गेली त्याच खिळ्यांनी. कव्हरावर माझं नाव घालू नका. जे वाजतंय ते मी घडवलेलं नाही, ते चौकातल्याने घडवलेलं आहे. त्याचं छापा.

थोरला साडू

६ फेब्रुवारी

साडूभाऊ,

गिटार परत पाठवत नाही. रागवायचं तेवढं रागवा.

तुम्हाला न विचारता हाड बदललं, ही माझी चूक. झाकून ठेवलं, ही त्याहून मोठी. दोन्ही पदरात घेतो. पण आता माझंही एक ऐका, कारण तुम्हीच म्हणता की पत्रात ‘हो हो’ करता येत नाही.

तुमच्या हातात ती खरखर करते. माझ्या हातात ती कडकडते. यात फरक आहे, आणि तो माझ्या कानाला कळतो. सहा वर्षांच्या फीमध्ये निदान तेवढं आलं. बाई उगाच खिडकी बघायला उठल्या नाहीत. खालच्या तीन बारीक तारांवर तुम्ही म्हणता तशी जवारी होती, मी शपथेवर सांगतो. अंगावर काटा यायचा. पण अंगठ्याने जाड तार छेडली की पत्रा पडल्यासारखं व्हायचं. बेसवाला शेजारी गंभीरपणे चार पावलं चालतोय आणि मी त्याच्या पायात पत्रे टाकतोय. काय करणार होतो मी?

तुम्ही लाकूड मोजलंत, हाड मोजलंत, पोस्टकार्डं मोजलीत. ही गिटार वाजवणार कोण, त्याचा हात एकदा तरी बघितलात का? लग्नकार्यात तुम्ही मला वाजवताना ऐकता तेव्हा दर वेळी वाढपावर लक्ष ठेवून असता.

या इकडे. तालमीच्या खोलीत बसा. माझा हात बघा आणि मग शिव्या द्या, समोरासमोर. धाकटीने तुमच्यासाठी आतली खोली आवरली आहे. कानस घेऊन या.

धाकटा साडू

१७ फेब्रुवारी

साडूभाऊ,

सुखरूप पोहोचलो. तालमीच्या खोलीत तोंडाने जे बोललो नाही ते इथे लिहितो, कारण तिथे ड्रमवाला ऐकत होता.

तुमचा अंगठा म्हणजे हातोडा आहे. वीस वर्षं पोलादी तारा छेडून तो तसा झालाय. मी तार बाजूला ओढतो, तुम्ही ती खाली दाबून सोडता. खाली दाबलेली तार उसळणारच आणि पडद्यांवर आपटणारच. तुम्ही दहा मिनिटं वाजवलंत तेव्हाच मला कळलं होतं. उरलेला तासभर मी गप्प बसलो तो रागाने नव्हे. बेसवाला आणि टाळ्या समेवर भेटतात ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं म्हणून.

हाडाचं माप चुकलेलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. ते माझ्या हाताचं माप होतं आणि माझ्या हातासाठी बिनचूक होतं. तुमच्या हाताचं माप घेतलं नव्हतं, एवढंच. यापुढे मी गिऱ्हाइकाचा हात बघितल्याशिवाय हाड घासणार नाही. हा नियम मी आता भिंतीवर रंगवलाय. तो तुमच्यामुळे झाला हे भिंतीवर लिहिलेलं नाही.

नवीन हाड तुम्ही समोर बघितलंतच. जाड तिघी तारांना आधीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त उंची, बारीक तिघींना काही नाही, मधे उतार. आधी पियानोवाल्या बाई माझ्याकडे पाहुणा बघावा तशा बघत होत्या. मी कानस चालवायला लागलो तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली. ‘आणखी किती घासणार?’ ‘बाई, तुम्ही सूर लावता तेव्हा मी विचारतो का?’ यावर त्या हसल्या नाहीत. ‘विचारायला हवं,’ म्हणाल्या. मला बाई पटल्या.

आणि मग तुम्ही तो अंगठा मारलात. जाड तार कडकडली नाही, नुसती गुरगुरली. बाईंनी पियानोवर एकच सूर दिला, तिच्याखाली, हळूच, जसं भांडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा. जॅझ म्हणजे काय हे मला त्या एका सुरात कळलं. पुढे त्या ‘हे राहू दे’ म्हणाल्या ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

गिटार परत पाठवू नका.

थोरला साडू

९ मार्च

साडूभाऊ,

झालं! काल रेकॉर्डिंग झालं. आवाज टिपणाऱ्या माणसाने कानावरचे हेडफोन काढून विचारलं, ‘गिटारमध्ये काहीतरी घासतंय, काढून टाकू का? माझ्याकडे यंत्र आहे.’ बाई पियानोवरून उठल्या, त्याच्या काचेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, ‘ते घासणं काढलंस तर माझा पियानोही काढ.’ बिचारा घाबरून चहा घ्यायला गेला.

मी सुरुवात एकट्याने केली. चढावरचं गाणं. पहिल्या ओळीलाच ती खरखर आली, आणि मला खरंच कुणी दमलेला माणूस दोर ओढत चालल्यासारखं वाटलं. मग टाळ्या, बेस, पियानो. मधे ट्रंपेटवाल्याने ऐनवेळी असं काही वाजवलं की मी माझी जागा विसरलो. पण तुमची पट्टी ठोकली दोन बोटांनी आणि समेवर परत आलो. कुणालाही ती चूक वाटली नाही. आम्ही तीच ठेवली.

कव्हराचा नमुना आलाय, त्यावर तुमचं नाव आहे. अक्षर माझ्या नावाएवढंच. मी मोजलं, कारण तुम्ही विचारणार.

सासरेबुवांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, ‘गिटार कुठली रे ही?’ मी सांगितलं. खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. शेवटी म्हणाले, ‘खुर्चीही चांगलीच केली होती त्याने.’ हे मी शब्दशः लिहितोय, एक अक्षर पदरचं नाही.

आणखी एक. वाद्यं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे गृहस्थ रेकॉर्डिंगला आले होते. तुमचा पत्ता घेऊन गेलेत. भारी बूट, गोड बोलणं. नीट बोला त्यांच्याशी. म्हणजे, तुमच्या मानाने नीट.

धाकटा साडू

२८ मार्च

साडूभाऊ,

रेकॉर्ड आली. तीनदा ऐकली, एकदा उभं राहून. शेजारच्या टायरवाल्याला बोलावून ऐकवली. त्याला त्यातलं काही कळत नाही, पण संपल्यावर त्याने ‘पुन्हा लावा’ म्हटलं. मला तेवढं पुरे. सासरेबुवांचं वाक्य थोरलीला वाचून दाखवलं. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

तुमचे भारी बूट मंगळवारी आले. मी नीट बोललो. खुर्ची दिली, चहा दिला. त्यांनी तेरावी गिटार उचलली, वाजवली, आणि त्यांना वाजवता येतं हे मी मान्य करतो. मग कागद पुढे केला. माझा साचा आणि माझं नाव त्यांना हवं. वर्षाला हजार गिटारी, आत माझ्या नावाची चिठ्ठी. मी काही करायचं नाही, फक्त सही.

मी विचारलं, ‘हाड कोण घासणार?’

‘यंत्र. आणि ते जरा उंच ठेवू, दीड मिलिमीटर. नाहीतर लोक खरखर म्हणून माल परत आणतात. सगळ्या हातांना चालेल अशी स्वच्छ गिटार.’

मी म्हटलं, ‘सगळ्या हातांना चालणारी वस्तू म्हणजे दाराची मूठ. ती मी पुष्कळ केलीय.’

ते हसले. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. मी भिंतीवरचा नियम दाखवला. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, ‘हजार हात कसे बघणार तुम्ही?’ मी म्हटलं, ‘म्हणूनच हजार गिटारी करत नाही.’

दारात उभी राहून थोरली सगळं ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, ‘नाही म्हणण्याआधी माझ्याकडे एकदा बघायचं तरी.’

मी म्हटलं, ‘बघितलं असतं तर काय म्हणाली असतीस?’

‘नाहीच म्हणाले असते. पण मला विचारून नाही म्हणायला हवं होतं.’ मग कागद चुलीत घालायला घेतला आणि मधेच थांबून आकडा पुन्हा एकदा वाचला. मीही वाचला. या दुकानाची भाड्याची जागा विकत घेऊन, छप्पर बदलून, वर दहा वर्षांचं सायप्रस आणून ठेवलं असतं तरी उरले असते.

तुम्हाला सांगतो, कारण उद्या सासरेबुवांपर्यंत ही बातमी जाणारच, आणि ती कुणी कमी करून सांगावी अशी माझी इच्छा नाही. माझं नाव लावून स्वच्छ वाजणाऱ्या हजार गिटारींसाठी त्यांनी मला बावीस लाख देऊ केले. मी नाही म्हटलं. बावीस लाख.

थोरला साडू